दुखणं थांबतं, तारीख मोडते

दाढ ठणकायची ती रात्रीच. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो. दाढेच्या आतला सुजलेला मऊ भाग चहूबाजूंनी टणक भिंतींत कोंडलेला असतो, त्याला फुगायला जागा नसते. त्यात घर शांत झालेलं असतं, त्यामुळे लक्ष दुसरीकडे लागत नाही. चौलच्या वाडीतल्या घरात अशी रात्र कशी जाते, ते तिथल्या कुणाला सांगायला नको. आधी लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग फडताळात उरलेली एखादी गोळी. सकाळी पहिली मिळेल ती एसटी किंवा मिनीडोर धरायची आणि नागाव-आक्षीवरून अलिबाग गाठायचं. अंतर फार नाही, पंधरा-सोळा किलोमीटर.

समजा, हा माणूस पन्नाशीचा बागायतदार आहे. केसपेपर काढून, रांगेत बसून तो खुर्चीपर्यंत पोचतो. डॉक्टर दाढ उघडतात, आतला सडलेला भाग काढतात, औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट बसवतात आणि सांगतात, “पुढच्या बुधवारी या.” त्या रात्री त्याला शांत झोप लागते. दुसऱ्या दिवशी तो त्याच बाजूने भाकरी चावतो. बुधवार उजाडतो तेव्हा सुपारी उतरवायला गडी आलेले असतात. दाढ तर काहीच म्हणत नाही. तारखेची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात राहते आणि सदरा धुवायला जातो.

दातांच्या उपचारातली सगळ्यांत मोठी अडचण इथेच आहे. ताप उतरला की बहुतेक वेळा आजारही उतरणीला लागलेला असतो. दाढेचं तसं नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की नस सुजते आणि ठणका सुरू होतो. काहीच उपचार केले नाहीत तरी काही दिवसांनी ती नस मरते आणि दुखणं आपोआप थांबतं. गोळीने गुण आला, असं घरात म्हटलं जातं. प्रत्यक्षात दुखण्याची खबर देणारी तारच तुटलेली असते. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाडात बस्तान बसवत असतात. अर्धवट सोडलेल्या रूट कॅनलचंही तसंच. तात्पुरतं सिमेंट काही आठवडेच टिकतं. नंतर ते झिजतं, कडेने फट पडते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. सहा-आठ महिन्यांनी गाल सुजून माणूस परत येतो, तेव्हा वाचवायला बहुधा दाढ उरलेली नसते. ती काढावी लागते.

थोडक्यात, पहिल्या भेटीत दुखणं जातं आणि दाढ वाचते ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीला माणसाला दुखणंच घेऊन येतं, त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही. दुसरीला आणणारं मात्र काही नसतं. गावाकडचा दंत दवाखाना चालवायचा म्हणजे ही दुसरी तारीख सांभाळायची. हे काम खुर्चीजवळ होतं तितकंच बाहेरच्या टेबलावरच्या वहीत होतं.

‘लोकांना दातांची किंमतच नाही’ अशी तक्रार दवाखान्यांतून नेहमी ऐकू येते. ती पूर्ण खोटी नाही, पण फार सोयीची आहे. चौल, रेवदंडा, थेरोंडा, आग्राव या पट्ट्यातलं वर्ष कसं चालतं ते पाहिलं, तर तारखा का मोडतात याचं बरंचसं उत्तर तिथेच सापडतं.

कोळीवाड्यातल्या बाईला सकाळची ओपीडी जमत नाही, कारण होड्या लागल्या की मासळी घ्यायची, वाटे करायचे आणि ऊन चढायच्या आत विकायची. तिचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो. तिला ‘बुधवारी साडेनऊला’ हे सांगणं म्हणजे न येण्याचीच तारीख देणं. तिला दुपारी दोननंतरची वेळ दिली तर ती येऊ शकते. तिच्या घरातल्या पुरुषांचं उलटं. दर्यावर गेलेला माणूस कधी परतेल ते सांगता येत नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत तोच माणूस घरी असतो, जाळी विणत बसलेला. वर्षभर रखडलेली रूट कॅनल, कवळीची मापं, हिरड्यांची साफसफाई या तीन-चार फेऱ्यांच्या कामांसाठी कोळीवाड्याला याहून चांगला काळ नाही. वहीत जून-जुलैची पानं त्यांच्यासाठी आधीच राखून ठेवायला हवीत.

नेमकी त्याच जुलैत भातशेतीवाल्यांची लावणी असते. तेव्हा शेतकरी घरातलं कुणी दातासाठी अलिबागला जाणार नाही, गेलंच तर गाल सुजल्यावर. बागायतदाराची अडचण पावसाळा संपल्यावर सुरू होते. मार्गशीर्ष पौर्णिमेला चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताची यात्रा भरते.  त्या चार-पाच दिवसांत दिलेली कोणतीही तारीख पाळली जाणार नाही, हे गावातलं शाळकरी पोरही सांगेल. गणपतीचे दिवसही तसेच. आता त्यात शनिवार-रविवारची भर पडली आहे. घरगुती खानावळ किंवा पर्यटकांसाठी खोल्या असलेल्या घरांना आठवड्याचे शेवटचे दोन दिवस मोकळे नसतात, आणि मुंबईत नोकरी करणारे नेमके त्याच दिवशी गावी येऊन दातांची आठवण काढतात. एकाच पाखाडीतल्या चार घरांना चार वेगळ्या वेळा सोयीच्या असतात. शहरातल्या दवाखान्याची सरसकट तारीख इथे उचलून आणली की ती मोडणारच.

कधी निसर्गही वही फाडून टाकतो. २०२० च्या वसंतात करोनामुळे दंतोपचार जवळपास बंदच होते, कारण ड्रिलच्या फवाऱ्यातून विषाणू हवेत उडण्याची भीती होती. टाळेबंदी सैल होते न होते तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा अर्धवट राहिलेल्या दाढांचं पुढे काय झालं असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

विजेचा संबंध इथे उगाच आलेला नाही. एका दिवसात किती रुग्णांना तारीख द्यायची, हे डॉक्टरच्या हाताच्या वेगावर ठरतं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ते बरंचसं ठरतं अवजारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर. दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटं अवजारं ठेवावी लागतात. पण यंत्र तापणं, वाफ सोडणं, अवजारं सुकणं हे धरलं तर एक फेरी पाऊण ते एक तास घेते. तोंडात गेलेला आरसा, चिमटा, टोचणी आणि दात कोरणारा एअरोटरसुद्धा प्रत्येक रुग्णानंतर या फेरीतून जायला हवा, नुसता स्पिरिटने पुसून चालत नाही. आता दवाखान्यात तीनच एअरोटर असतील, तर तासाला तीनपेक्षा जास्त दाढा कोरता येणार नाहीत, मग खुर्चीत कितीही निष्णात डॉक्टर असो. सकाळी तासभर वीज गेली की कॉम्प्रेसरही बंद आणि ऑटोक्लेव्हही बंद. बाहेर बसलेल्यांना वाटतं डॉक्टर चहा पिताहेत. अशा ठिकाणी नवीन खुर्ची घेण्यापेक्षा एअरोटरचे आणखी दोन नग आणि भरवशाचा इन्व्हर्टर घेतला, तर रांग लवकर सरकते. उद्घाटनाची फीत मात्र खुर्चीलाच बांधली जाते.

रांगेचंही एक शास्त्र आहे, आणि ते सत्तर वर्षांहून जुनं आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांचा अभ्यास केला. तेव्हाची रीत आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांत आजही दिसते. सगळ्यांना सकाळी नऊला बोलवायचं आणि नंबराने आत घ्यायचं. हेतू एवढाच, की डॉक्टरचं एक मिनिटही वाया जाऊ नये. बेलींनी गणिताने दाखवलं की डॉक्टरचा थोडासा वेळ वाचवण्यासाठी रुग्णांचे तासन् तास जातात. त्यांचा उपाय साधा होता. सुरुवातीला दोन रुग्ण बोलवा आणि नंतर एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो, तितक्या अंतराने एकेक. एका रुग्णाला २० मिनिटं लागत असतील तर नऊला दोन, नऊ वीसला एक, नऊ चाळीसला एक. पहिला आला नाही तरी दुसरा हजर असतो, आणि कुणालाही अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त सहसा बसावं लागत नाही. एका अटीवर: डॉक्टर नऊला आलेले हवेत.

चौलहून येणाऱ्यासाठी यात आणखी एक हिशेब आहे. त्याची वेळ गाडीच्या वेळेला बांधलेली असते. साडेनऊची वेळ दिली आणि गाडी पावणेदहाला पोचत असेल, तर तो दर वेळी ‘उशिरा आलेला’ ठरतो. रेवदंड्याकडून, साळावच्या पुलापलीकडून किंवा रामराजकडून येणाऱ्यांच्या वेळा गाड्या पाहून एकत्र गुंफल्या, तर एकाच पाखाडीतले दोघं-तिघं बरोबर येतात. एकमेकांच्या भरवशावर निघालेली माणसं तारीख मोडत नाहीत. गावातली शेजारीण निघाली की तिच्याबरोबर निघावंच लागतं.

पानभर तारखा भरल्या म्हणजे वही नीट झाली असंही नाही. रोज काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, आणि टेबलावर बसलेल्या माणसाला कोण थांबू शकतं आणि कोण नाही हे ओळखता यायला हवं. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज, ताप, गिळायला त्रास, जीभ वर उचललेली, बोलताना आवाज घोगरा, अशा रुग्णाला नंबर द्यायचा नसतो. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते. त्याला त्याच घटकेला जिल्हा रुग्णालयात पोचवायला हवं. खेळताना पडून मुलाचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवायचा आणि तासाभरात दवाखाना गाठायचा. तोही रांगेत बसत नाही. उलट हिरडीतून रक्त येतं, दात शिवशिवतात, असं सांगणारा आठ दिवस थांबू शकतो.

काहींची तारीख त्यांच्या दुसऱ्या आजारावरून ठरते. मधुमेही माणसाला दात काढायला सकाळची वेळ द्यावी, पण नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊन यायला सांगावं. ‘दात काढायचाय म्हणून उपाशी आलो’ असं सांगणारे मधुमेही रुग्ण खुर्चीत चक्कर येऊन पडतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, हेही तारीख देतानाच बोलायला हवं. दात काढल्यावर थोडं जास्त रक्त आलं तर ते दाबून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर तिला इलाज अवघड. हृदयाची झडप बदललेल्यांना आधी प्रतिजैविक द्यावं लागतं. गरोदर बाईला मधले तीन महिने सगळ्यांत सोयीचे, तरी दुखणं असह्य असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करता येतात. हे सगळं तारखेच्या चिठ्ठीवर एका ओळीत मावतं.

आठवण कशी करून द्यायची, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्ष असा, की मोबाइलवर संदेश पाठवला तर काहीच न कळवण्यापेक्षा जास्त लोक तारीख पाळतात, आणि संदेशाचा परिणाम फोन करण्याइतकाच होतो. उपाय स्वस्त आहे. फक्त केसपेपरवरचा नंबर कुणाचा, हे एकदा विचारून घ्यावं. गावाकडे आजीच्या नावापुढे लिहिलेला नंबर बहुधा मुंबईतल्या मुलाचा असतो, आणि उद्या आजीने अलिबागला जायचंय हा संदेश त्याला लोकलमध्ये मिळतो. अशा घरांसाठी आशाताईच बऱ्या. त्या दारात उभ्या राहून विचारतात, “दाढेचं काम पुरं केलंत का?”

सहा महिन्यांनी दात दाखवायलाच हवेत, हा नियमही आता तपासून घ्यायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये २,३७२ प्रौढांना चार वर्षं पाहिलं गेलं. कुणाला दर सहा महिन्यांनी बोलावलं, कुणाला त्याच्या दातांची अवस्था पाहून कमी-जास्त अंतराने. २०२० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा हिरड्यांच्या आरोग्यात फरक दिसला नाही. मात्र ही माणसं नियमित दवाखान्यात जाणारी होती, हे विसरता येत नाही. जिथे एकच दंतवैद्य अनेक गावांना पुरवावा लागतो, तिथे ज्याचे दात चांगले आहेत त्याला वर्षा-दीड वर्षाने बोलावून ती वेळ मधुमेही, तंबाखू खाणाऱ्या किंवा भराभर दात किडणाऱ्या मुलाला देणं शहाणपणाचं ठरतं.

आणि जिथे तारखा कमी करता येतात, तिथे त्या कराव्यात. संसर्ग आणि सूज फार नसेल तर अनेक दाढांचं रूट कॅनल एकाच बैठकीत पूर्ण करता येतं. त्याचं यश दोन-तीन बैठकांच्या कामाइतकंच असतं, फक्त पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं जास्त जाणवू शकतं. ज्याची दुसरी फेरी होईल की नाही शंका आहे, त्याच्यासाठी हा सौदा वाईट नाही. मुलांच्या दातांसाठी तर खुर्चीही लागत नाही. कीड हाताच्या अवजाराने खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात पुढे आली, कारण तिथल्या खेड्यांत वीज नव्हती. चांदी आणि फ्लोराइड असलेलं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण किडलेल्या जागी लावलं की कीड बहुतेक वेळा थांबते. दात तेवढ्या जागी काळा पडतो, हे आईला आधी सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या दोन्ही गोष्टी आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्यात किडलेले दातही नोंदले जातात. नोंद झालेल्या मुलाला पुढची तारीख मिळाली आणि ती पाळली गेली, तरच त्या नोंदीचा उपयोग.

सरकारने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयांपासून खालच्या केंद्रांपर्यंत दंतवैद्य, मदतनीस, खुर्ची आणि साहित्य यांसाठी त्यातून मदत मिळते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. पण चौलहून जाणाऱ्याला दाढेचा खरा खर्च केसपेपरचा कधीच नव्हता. तो गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा असतो, आणि एका दाढेला तीन फेऱ्या म्हटल्या की तो तिप्पट होतो.

एक तारीख मात्र अशी असते की जिच्या मागेपुढे कुठेच दुखणं नसतं. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू घेतात, म्हणजे खातात, चघळतात किंवा दातांना लावतात. किनाऱ्यावर मिश्रीची सवय बायकांमध्ये जुनी आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून तोंडात जाते आणि दिवसातून चार वेळा जाते. सुपारी तर इथल्या वाडीतलं पीक आणि पाहुणचाराचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोग घडवणारी म्हटलं आहे. ती सतत चघळणाऱ्याच्या गालांची आतली त्वचा हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये सहज जातात का, हे घरी आरशासमोर कुणालाही पाहता येतं.

अशी एखादी आजी नातवाच्या दातासाठी दवाखान्यात येते. डॉक्टर सहज तिचंही तोंड पाहतात. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मिश्री धरते, तिथे पांढरट चट्टा असतो. दुखत नाही, खुपत नाही, तिला तो आहे हेही माहीत नसतं. तिला मिश्री बंद करायला सांगून दोन आठवड्यांनी परत बोलवायचं असतं. तेव्हाही चट्टा तसाच असेल तर त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. केरळमध्ये नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासण्याचा मोठा प्रयोग झाला होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्यातही ज्यांना पुढे बोलावलं त्यांतले बरेच जण आलेच नव्हते.

आजी म्हणते, बघते, जमलं तर येते. टेबलावरची बाई वही उघडते. आजीच्या नावापुढे ‘तक्रार’ या रकान्यात लिहायला काही नसतं, तिथे रेघ ओढली जाते. फोनच्या रकान्यात सुनेचा नंबर, त्याखाली आशाताईंचा. आणि तारीख मंगळवारची, दुपारी अडीचची, रेवदंड्याहून येणाऱ्या गाडीनंतरची.